माहेरच्या नावाचा रकाना

॥ श्री ॥

जाफराबाद,
८ जुलै २०२४

चि. सौ. गंधालीस,
शरदकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण, की तू तरी लबाड आहेस किंवा मोनालीचा लॅपटॉप तरी लबाड आहे. काल रविवारी अपूर्व आणि मोनाली जालन्याहून आले होते. मोनाली तिकडे एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियांची उगवण तपासते. सूनबाई हुशार आहेच, पण सासऱ्याने विचारले की कुरकुर न करता लॅपटॉप उघडते, हा तिचा खरा गुण. मी म्हटले, आमच्या पुतणीने आतड्यांच्या सुजेवर पस्तीस पेपर लिहिलेत म्हणतात, एकदा डोळ्यांनी बघू तरी दे. तिने तुझे नाव टाकले, गंधाली टेंभुर्णीकर. पेपर निघाले नऊ. त्यातला शेवटचा २०११ चा. म्हणजे तेरा वर्षे तू हैदराबादेत नुसती बिर्याणी खात बसलीस काय?

हसू नकोस. मी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर पस्तीस सांगून बसलो आहे. आरोग्य खात्यात चौतीस वर्षे आरोग्य सहायक होतो, एका आकड्याची चूक कोणी दाखवली नाही. आता उतारवयात पुतणीपायी खोटा ठरायची वेळ आली.

तुझी काकू म्हणते, फोन करून विचारा. पण माझ्या कानातले यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी मारते आणि तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तू वसतिगृहात होतीस तेव्हापासून आपली पत्रे चालू आहेत, तीच बरी. जल्दी उत्तर दे आणि पेपरांचा बराबर खुलासा कर.

काकूने ज्वारीच्या पापड्या वाळवल्या आहेत. मुकुलरावांना नमस्कार.

तुझ्यावर लोभ आहेच, उरलेले सव्वीस पेपर सापडले की तो वाढेल.
तुझा,
शरदकाका

*

हैदराबाद,
१९ जुलै २०२४

ती. स्व. शरदकाकांस,
गंधालीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की मुकुल खोलीत बघायला आला. काका, तुम्ही खोटे ठरला नाहीत, तुम्ही माझं लग्न विसरलात. सासूबाईंनी तांदळाच्या ताटात अंगठीने काय लिहायला लावलं होतं? सासऱ्यांना मधुवंती राग आवडतो म्हणून मी एका दुपारीत मधुवंती सेलूकर झाले. तेव्हा तुम्हीच पुढे बसून पेढे वाटत होतात. त्यानंतर फेलोशिपसाठी घाईने पासपोर्ट काढला तो त्याच नावाने, आणि मग पुढचे सगळे पेपरही त्याच नावाने छापले गेले. मधुवंतीबाईंच्या नावावर सव्वीस आहेत. सव्वीस आणि नऊ पस्तीस, टपरीवर बिनधास्त सांगा.

गंमत म्हणजे बरीच वर्षं जगाच्या दृष्टीने आम्ही दोन बाया होतो. एकीने २०११ साली काम सोडलं आणि दुसरी २०१२ साली आकाशातून पडली. आता संशोधकांना एक सोळा आकडी नंबर मिळतो. त्या नंबराखाली मी दोघींना एकत्र बांधलं आहे. मोनालीला तो खाली लिहून देते.

ती आता तुम्हाला 'सायटेशन' असा आकडाही दाखवेल, म्हणून आधीच सांगते. दुसऱ्या कुणी आपला पेपर लिहिताना आपल्या कामाचा आधार घेतला आणि तसं खाली नोंदवलं, की ते एक सायटेशन. पेपर किती लिहिले यापेक्षा त्यांचा आधार कितीजणांनी घेतला, याला आमच्यात मान. आणि माझा सगळ्यांत मानाचा पेपर कुठला माहीत आहे? आपला जालन्याचा. तुम्ही शिबिरांमधून जे फॉर्म भरून आणलेत, एकशे पंचाहत्तर रुग्णांचे, त्यावरचा. त्या पेपरात आपण म्हटलं, की या कोरड्या भागात मोठ्या आतड्याची ही सूज बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ दीडपट दिसते. तसं आधी कुणीच म्हटलं नव्हतं. आजवर दोनशे चौदा जणांनी त्याचा आधार घेतला आहे, पार पेरू देशापर्यंत.

एक बातमी अजून कुणाला सांगितली नाही. डिसेंबरात प्राध्यापकपदासाठी निवड समिती बसते आहे. जागा एक आणि आम्ही दोघं. माझी सगळी भिस्त त्या जालन्याच्या पेपरावर आहे. काकूंना सांगा, नवस वगैरे करायचा असेल तर छोटासाच करा.

पापड्यांवरचा आणि पुतणीवरचा लोभ असाच टिकू दे.
तुमची,
गंधाली

*

जाफराबाद,
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. गंधालीस आणि चि. सौ. मधुवंतीस,
दोघींना मिळून एकच आशीर्वाद, वाटून घ्या.

मोनालीने सोळा आकडे टाकले आणि पस्तीसच्या पस्तीस पेपर रांगेत उभे राहिले. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. दिनदर्शिकेवर आजच्या चौकोनात २१५ लिहिले आहे, कारण तुझ्या पत्रानंतर आणखी एकाने आपल्या पेपराचा आधार घेतला. आता दर महिन्याला सूनबाईंकडून आकडा घेऊन लिहीत जाणार. काकूने त्याच चौकोनात गॅसच्या नंबराची तारीख लिहिली होती, त्यावरून थोडा शब्दाला शब्द वाढला.

'आपला पेपर' असे तू लिहिलेस, ते मी दोनदा वाचले. खरे सांगतो, बरे वाटले. निवृत्तीनंतर त्या शिबिरांची दोन वर्षे माझी सगळ्यांत चांगली गेली. जीपमध्ये दाटीने बसायचे, मांडीवर फॉर्मची पेटी, आणि एकेका माणसाला रक्त किती दिवस पडते, वजन किती घटले असे विचारायचे. बायका ते बोलायला लाजायच्या. मी खाली मान घालून लिहायचो म्हणूनच बोलायच्या. पेटी अजून माळ्यावर आहे, कार्बनच्या पिवळ्या प्रती एकही न फाटता जपल्या आहेत.

पाऊसपाणी ठीक, सोयाबीन गुडघ्याएवढे आहे. काकूने नवस बोलला आहे. छोटा नाही.

समितीच्या आधी प्रकृतीला जप आणि या म्हाताऱ्यावर माया ठेव.
तुझा,
शरदकाका

*

जाफराबाद,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गंधालीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तीन दिवसांत चार वेळा सुरू केले. आज पुरे करतो.

गेल्या रविवारी अंतरवाली सराटीला बद्रीनाथकडे गेलो होतो. तुला आठवत असेल, अंबड तालुक्यातल्या शिबिरासाठी त्यानेच गावोगाव सांगून माणसे गोळा केली होती. सोयाबीनची काढणी चालली होती, तरी आग्रहाने जेवायला बसवले. जेवण वाढायला त्याची सून आली, राजनंदिनी. हिलाही तुझ्या अभ्यासातलाच आजार. शिबिरात हिचा फॉर्म मी भरला होता, एवढे मला आठवत होते. तब्येत कशी आहे, विचारले. तिने आतून दोन पिशव्या आणल्या. एक सासरची, तिच्यात अंबडच्या डॉक्टरांची औषधे. दुसरी माहेरची, तिच्यात जाफराबादच्या डॉक्टरांची; ती आई एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवते. मी म्हटले, जाफराबादला कुठे दाखवलेस? तेव्हा ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

"काका, तुम्ही मला वळखलंच न्हाई. मी दुखणं काढायला माहेरी आल्ते, तव्हा जाफराबादच्या शिबिरात बी तुम्हीच माझा फॉर्म भरल्ता. तिथं मी सोनूबाई हाय."

घास हातातच राहिला. घरी आल्याबरोबर माळ्यावरून पेटी काढली. फॉर्म क्रमांक ४१, राजनंदिनी, अंतरवाली, वय चोवीस. फॉर्म क्रमांक १३८, आठ महिन्यांनंतरचा, सोनूबाई, माहेरचे गाव, माहेरचे आडनाव, वय बावीस. नाव वेगळे, गाव वेगळे, वयसुद्धा वेगळे. तुमच्या कॉम्प्युटरने त्या दोन बाया धरल्या. मीही धरल्या, कारण खाली मान घालून लिहिणे हा माझा मोठा गुण.

लग्नात नाव बदलल्याचे तुझे ते पत्र आले नसते तर ही गोष्ट मी हसण्यावारी नेली असती. पण आपल्याकडे लेकीबाळी मोठे दुखणे आले की माहेरी येतात. सासरी झोपून राहता येत नाही. मंग एकटी हीच कशी असेल? आणि पुरुष काही दुखणे काढायला सासुरवाडीला जात नाहीत. त्यांचे नाव दोनदा लागायचे कारणच नाही. यापुढचे तुला समजते.

राजनंदिनीला विचारूनच तिचे नाव लिहिले आहे. फॉर्म तुमचा होता, मी फक्त भरत गेलो, एवढे नमूद करतो.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. लोभ आहे की नाही हे तूच ठरव.
शरदकाका

*

हैदराबाद,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. शरदकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन कामं आहेत.

आधी हे. राजनंदिनीच्या दोन्ही पिशव्यांमधल्या औषधांचे फोटो मोनालीकडून मला आजच पाठवा. मला शंका आहे की दोन्हीकडे एकच गोळी आहे, स्टिरॉइडची. तिला निक्षून सांगा, घाबरून कुठलीही गोळी एकदम बंद करायची नाही. मी कळवेन तसंच करायचं.

दुसरं, बायकांचे सगळे फॉर्म काढा, एकशे चार आहेत. ज्यांचं माहेर आणि सासर दोन्ही आपल्याच जिल्ह्यातलं आहे अशांना तुम्ही आणि बद्रीनाथकाका भेटून विचारू शकाल का? प्रत्यक्ष त्या बाईलाच विचारायचं, घरच्यांना नाही. पत्रात नावं लिहू नका, फॉर्मचे नंबर लिहा.

बाकी मग लिहीन.
गंधाली

*

जाफराबाद,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गंधालीस,
आशीर्वाद.

फोटो मिळाल्याचे मोनालीने सांगितले. राजनंदिनीला तुझा निरोप पोचवला, ती बिलकुल त्याप्रमाणे वागते आहे.

आता दुसरे काम. बद्रीनाथच्या ओळखीपाळखीतून कळले, की एकशे चारपैकी चौपन्न जणींचे माहेर आणि सासर दोन्ही जिल्ह्यातच आहे. सगळ्या सापडल्या. बद्रीनाथने कापसाची वेचणी बायकोवर सोडली आणि आम्ही दोन म्हातारे नऊ दिवस जीप आणि एसटीने हिंडलो. बायकांनी सरळ सांगितले, लपवण्यासारखे काही त्यांना वाटतही नव्हते. एकीने तर आम्हालाच वेड्यात काढले, की माहेरी माहेरचे नाव सांगायचे नाही तर कुणाचे. दोनदा नाव लागलेल्या बायका बावीस निघाल्या. नंबर सोबतच्या कागदावर आहेत. म्हणजे बायका एकशे चार नव्हत्याच, ब्याऐंशी होत्या. पुरुष एकाहत्तरचे एकाहत्तर. दीडपट कुठे गेली ते मला बेरीज-वजाबाकीतून कळते.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली. टाळली म्हणजे चोरली. तुझ्या मूळ फॉर्ममध्ये 'माहेरचे नाव व गाव' असा रकाना होता. तो घातला की फॉर्म दुसऱ्या पानावर जायचा. मला एका पानावर न मावणाऱ्या फॉर्मचा पहिल्यापासून तिटकारा. दुसरे पान सुटते, हरवते, जीपमध्ये उडते. मीच तुला लिहिले होते, की हा रकाना काढ, त्याचा काही उपयोग नाही. तू लहान होतीस, ऐकलेस. चौतीस वर्षांत एका आकड्याची चूक नाही म्हणून मिरवतो आणि पुतणीच्या सगळ्यांत मोठ्या कामात बावीस चुका करून ठेवल्या. वाईट वाटते, गंधाली. फार वाईट वाटते.

काकूचे म्हणणे आहे, की डिसेंबर होईपर्यंत गप्प राहावे. दहा वर्षे कुणाला कळले नाही, दोन महिन्यांत कोण विचारायला येते. मीही तीन दिवस तोच विचार करत होतो, म्हणून ते पत्र चार वेळा सुरू केले. निर्णय तुझा. तू काहीही ठरवलेस तरी आम्ही तुझ्याच बाजूचे.

दिनदर्शिकेवर या महिन्याचा आकडा लिहिला नाही.

दिवाळीचा फराळ पाठवतो आहे. रागावली असलीस तरी खा.
शरदकाका

*

हैदराबाद,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. शरदकाकांस,
गंधालीचा साष्टांग नमस्कार, आणि आधी क्षमा.

ते कोरडं पत्र पाठवल्यावर मला दोन दिवस झोप लागली नाही. रागावले होते हे खरं. तुमच्यावर, त्या बावीसजणींवर, तांदळाच्या ताटावर, सगळ्यांवर. मुकुलला विनाकारण बोलले. मग सोळा ऑक्टोबरला सकाळी बसले आणि मासिकाच्या संपादकांना कळवून टाकलं, की माझ्या पेपरात रुग्ण दोनदा मोजले गेले आहेत, खरा आकडा हाती आला की पाठवते. म्हणजे तुमचं दिवाळीचं पत्र यायच्या आधीच. काकूंना सांगा, गप्प बसायची वेळ निघून गेली होती.

इथले एक वरिष्ठही काकूंसारखंच म्हणाले. पण काका, दोनशेहून जास्त माणसांनी माझ्यावर विसंबून पुढचं काम उभं केलं आहे. पेरूची एक डॉक्टर गेली तीन वर्षं शोधते आहे, की बायकांच्या शरीरात असं काय आहे ज्यामुळे हा आजार त्यांना दीडपट होतो. आणि उत्तर काय, तर त्या माहेरी गेल्या होत्या. तिला मी स्वतः लिहिलं. तिचं उत्तर सभ्य होतं, पण छोटं होतं.

बावीस कमी केल्यावर स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच निघतात. पेपरचा मुख्य निष्कर्ष गेला. तो मागे घेऊन, सुधारून, नव्याने छापतील. समितीपुढे मी हे स्वतःच मांडणार आहे. भीती वाटते.

आता राजनंदिनी. माझी शंका खरी निघाली. दोन्ही पिशव्यांत तीच गोळी होती. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि दोघांनाही आपापल्या फायलीपुरतं सगळं ठीक दिसत होतं. फायली एकत्र केल्या तर दोन वर्षांत स्टिरॉइडचे पाच कोर्स झालेत. तिची पाठ दुखते ती खुरपणीने नाही, हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत. जालन्यात माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे गोळी हळूहळू कमी करून दुसरं औषध सुरू केलं आहे. बाकी एकवीसजणींच्याही फायली मागवल्या आहेत. त्यांतल्या सहाजणींचं असंच आहे. तुम्ही फॉर्मवर डोकं खाली घालून बसला असाल, पण अंतरवालीत जेवताना वर बघितलंत, त्याने सातजणी वाचल्या. हे रडायला येऊन लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

सोबत एका जुन्या पत्राची झेरॉक्स जोडते. ३ मार्च २०१४ चं, तुमच्याच सुंदर अक्षरातलं. "हा रकाना अनावश्यक असून केवळ पान वाढवतो." मला ते पहिल्या दिवसापासून आठवत होतं. तुम्ही कधी कबूल करता याची वाट बघत होते. पण रकाना काढला मी, डॉक्टर मी, पेपरवर नाव माझं. तेव्हा बावीस चुका माझ्या नावावर. एक पान वाचवल्याचं श्रेय तेवढं तुमचं.

चिवडा संपला. लोभ शाबूत आहे, हे पत्र पुरावा समजावं.
तुमची,
गंधाली

*

हैदराबाद,
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. काका आणि ती. स्व. रमाकाकूंस,
सा. न. वि. वि.

पद मला मिळालं नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटापासून वाचायला नको. ज्यांना मिळालं ते लायक आहेत. समितीचं म्हणणं असं, की माझा मुख्य पेपर मागे घेतलेला असताना यंदा निर्णय देता येत नाही, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा. बाहेर आल्यावर जिन्यात पाच मिनिटं रडले, मग कँटीनमध्ये जाऊन मिरची भजी खाल्ली. आतड्यांच्या डॉक्टरला शोभत नाही, ठाऊक आहे.

पण एक गंमत झाली. समितीत एक म्हातारे, फार मोठे डॉक्टर होते. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, की ही चूक पकडली कुणी. मी म्हटलं, माझ्या काकांनी. त्यांनी विचारलं, काकांचे पेपर किती. मी म्हटलं, अजून एकही नाही. ते म्हणाले, मग ही उणीव आधी भरून काढा. हे त्यांनी हसत सांगितलं, मी मात्र खरं मानलं आहे.

तर काका, आपण एक छोटा लेख लिहितो आहोत. आमच्या मासिकात संपादकांना पत्र म्हणून असे लेख छापतात, म्हणजे तुमच्या सवयीचंच काम. विषय एवढाच, की जिथे लग्नात बाईचं नाव बदलतं आणि आजारपणात ती माहेरी जाते, तिथे तिला मोजायचं कसं. घराघरांत तुम्ही बद्रीनाथकाकांना घेऊन कसं विचारत गेलात, ते मला मराठीत लिहून पाठवा. इंग्रजी मी करीन. किती पानं होतात याची काळजी कृपया करू नका.

काकू, नवस फेडायचा की नाही हे तुम्ही आणि देवाने बघून घ्या.

पद गेलं तरी पुतणी तीच आहे, माया कमी करू नये.
तुमची,
गंधाली

*

जाफराबाद,
२ मार्च २०२५

चि. सौ. गंधालीस,
शरदकाकाचे आणि काकूचे भरभरून आशीर्वाद.

काकूने नवस फेडला. मी म्हटले, पद तर मिळाले नाही. ती म्हणाली, मी पद मागितलेच नव्हते, पोरीचे भले होऊ दे एवढेच मागितले होते आणि ते झाले. तिच्याशी वाद घालून मी चाळीस वर्षांत एकदाही जिंकलो नाही.

लेख छापून आल्याचे मोनालीने काल दाखवले. लेखकांत तिघांची नावे, पहिले तुझे, मधले बद्रीनाथचे, शेवटचे माझे. बद्रीनाथला कळवायला अंतरवालीला फोन लावून दिला, तो आनंदाने इतका ओरडला की यंत्र नसतानाही मला ऐकू आले. मग मोनालीने माझे नाव कॉम्प्युटरवर टाकले. पेपर एक, सायटेशन शून्य. मी दिनदर्शिकेवर मार्चच्या पहिल्या चौकोनात ठळक शून्य लिहिले आहे. टपरीवर सांगितले, की पुतणीचे छत्तीस आणि माझा एक. कुणी विचारले, शून्याचे काय कौतुक? म्हटले, खरे शून्य आहे.

आता मुख्य गोष्ट. तू पाठवलेले नवे फॉर्म घेऊन परवा अंतरवालीत शिबिर घेतले. फॉर्म दोन पानी आहे आणि मी हूं का चूं केले नाही. दुसरे पान टाचणीने लावायला स्वतःच्या पैशाने टाचण्यांची डबी नेली. प्रत्येक बाईला आधी वर बघून नमस्कार करायचा आणि मगच लिहायचे, असा नेम केला आहे. वेळ जास्त लागतो, पण चेहरे लक्षात राहतात.

राजनंदिनी सगळ्यांत पुढे आली होती. पाठ बरी आहे, चेहऱ्यावरची सूज उतरली आहे. म्हणते, औंदा कापूस वेचायला गेल्ते, दिवसभर उभी होते. मी तिचा फॉर्म भरला. पहिल्या पानावर राजनंदिनी, अंतरवाली सराटी. दुसऱ्या पानावर नवा रकाना, तिथे सोनूबाई, आणि माहेरच्या गावाचे नाव. सही करायला दिला तर तिने पेन खालीच ठेवले. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, पुन्हा पहिले वाचले. मला वाटले, काही चुकले की काय. मंग हळूच म्हणाली, "काका, दोन्ही नावं एका कागदावर आज पह्यल्यांदा बघून राह्यले."

मी चौतीस वर्षे रकाने भरले, गंधाली. त्यातला एक कुणी असा वाचेल असे वाटले नव्हते. हेच आधी कळले असते तर तुला पद मिळाले असते, याची रुखरुख जाणार नाही. तरी दोन वर्षांनी तू पुन्हा अर्ज करशील तेव्हा मी ऐंशीचा असेन. तोवर राहायचा विचार आहे.

काकूच्या पापड्या सोबत आहेत. या एक पेपरवाल्या काकावरचा लोभ छत्तीसवाल्या पुतणीने जपावा.
तुझा,
शरदकाका

ता. क. पापड्यांच्या पार्सलवर या वेळी तुझी दोन्ही नावे पूर्ण लिहिली आहेत. पोस्टातल्या शिवाजीने हरकत घेतली, की दोन बायांच्या नावाने एक पार्सल घेता येणार नाही, एक नाव खोडा. मी खोडले नाही. त्याला म्हटले, नीट बघ, एकच बाई आहे.